टाकीत उतरण्याआधी

दिनानाथ सरांनी बाटलीचं बूच काढलं तसे खोलीतले बाकीचे दोन उमेदवार मागं सरकले. एकानं नाकाला रुमाल लावला. दुसरा दारापर्यंत गेला तो परत आलाच नाही. फरझाना होती तिथंच उभी राहिली. तिनं बाटली हातात घेतली, तिरपी करून तळाशी बसलेला पिवळट गाळ पाहिला आणि विचारलं, की हे नुसतं पोह्यांच्या गिरणीचं पाणी आहे की त्यात आणखी काही घातलंय?

सर तिच्याकडे बघतच राहिले.

"तुम्हाला त्रास नाही होत याचा?"

"नाय सर," ती म्हणाली.

ते खोटं नव्हतं. त्रास होतच नव्हता. आदल्या वर्षी, साथीच्या दुसऱ्या लाटेत, ती सतरा दिवस तापानं पडून होती. त्यातून उठली, पण वास गेला तो गेलाच. तव्यावरची सुकट जळून कोळसा झाली आणि शेजारच्या घरी गेलेली मुलगी अक्सा धावत आली, तेव्हा तिला ते पहिल्यांदा कळलं. रोह्याच्या डॉक्टरांनी सहा महिन्यांत येईल म्हणून सांगितलं. सहाचे बारा महिने झाले. नवरा नावेद बहारीनला पाण्याचा टँकर चालवत होता. त्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, जीव वाचला हेच खूप. तेही खरंच होतं. मग तिनं आणखी कुणाला सांगितलं नाही. लंगडणाऱ्याचं लंगडणं लोकांना दिसतं, हे कुणाला दिसणार?

रसायनशास्त्रातली पदवी घेऊन पंधरा वर्षं ती घरी बसली होती. बाटली हातात धरून ती उभी राहिली आणि तिला नोकरी मिळाली.

रोह्याजवळच्या औद्योगिक वसाहतीत, एका मोठ्या कंपनीच्या मागच्या अंगाला, पत्र्याच्या शेडमध्ये दिनानाथ सरांचा प्रयोग चालायचा. पेणच्या पोह्यांच्या गिरण्यांत भात भिजवतात, त्याचं आंबलेलं पाणी टँकरनं इथं यायचं. ते हवाबंद टाकीत भरायचं, कोमट ठेवायचं. खाडीच्या चिखलातून आणलेले जिवाणू त्यातला पिष्टाचा अंश खायचे आणि हायड्रोजन वायू सोडायचे. चिखल आधी चांगला उकळून घेत. त्यात सगळे मरून जे तग धरतात ते आपल्या कामाचे, असं सर सांगायचे. वायू निघून गेल्यावर पाण्यात आम्लं उरायची. एक व्हिनेगरमधलं, आणि दुसरं ब्युटिरिक. हा सगळा वास त्या दुसऱ्याचा. कुजलेल्या लोण्यासारखा, ओकारीसारखा, असं लोक सांगत. तो कपड्यांत, केसांत, नखांत शिरायचा आणि साबणानं जायचा नाही. तिच्याआधीची चार माणसं त्यापायीच सोडून गेली होती.

फरझानाला तो वास लोकांच्या चेहऱ्यांवर दिसायचा. सहा आसनी रिक्षात शेजारची बाई आधी इकडेतिकडे बघायची, मग हिच्याकडे, मग पदर तोंडावर घ्यायची. लग्नाकार्यात तिच्या डाव्याउजव्या खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या. घरी अक्सानं अम्मीच्या कामाच्या कपड्यांसाठी मागच्या बाजूला वेगळी तार बांधली, आणि दहावीचा अभ्यास म्हणून झोपायलाही दुसऱ्या खोलीत गेली. फरझानानं एकदा विचारलं, की एवढा येतो का गो? अक्सानं मान खाली घालून वहीत लिहीत राहणं पसंत केलं.

पण काम तिला आवडायला लागलं होतं. दर दोन तासांनी ती टाकीतलं पाणी काढून तपासायची. बुडबुड्यांच्या आवाजावरून जिवाणू खूश आहेत की आजारी, हे तिला यंत्राच्या आधी कळायचं. रंग थोडा गढूळला, फेस थोडा जाड झाला, तरी ती वहीत टिपून ठेवायची. सर पाहुण्यांना सांगायचे, की आमच्या फरझाना मॅडमसारखी चिवट बाई मी बघितली नाही. लोकांना पाच मिनिटं उभं राहवत नाही तिथं त्या आठ तास काढतात. अशा वेळी ती हसून दुसरीकडे बघायची. पहिल्यांदा वाटलं, सांगून टाकावं. मग महिना गेला, वर्ष गेलं, आणि सांगण्यासारखं काही उरलं नाही. निदान तिला तसं वाटलं.

तिच्या शेजारी बसून डबा खाणारा एकच माणूस होता, मोरू. टँकरबरोबर पेणहून यायचा, पाइप जोडायचा, सोडायचा, नंतर टाक्या धुवायचा. गागोदे बुद्रुकच्या अलीकडच्या एका वाडीतला, पन्नाशीच्या पुढचा, बारीक अंगाचा. त्याच्याही अंगाला तोच वास, त्यामुळं ते दोघं डबा खायला बसायचे ती पायरी बाकीच्यांनी सोडून दिली होती. बायको कृष्णाबाई त्याला अंगणात दोन बादल्या ओतून घेतल्याशिवाय घरात घेत नाही, हे तो मोठ्या कौतुकानं सांगायचा.

मोरूची एक सवय होती. तो प्रत्येक गोष्ट विचारून करायचा. पाइप सोडू का, झाकण लावू का, या स्टुलावर बसू का. टँकरचा ड्रायव्हर त्याची थट्टा करायचा, की हा जेवतानासुद्धा बायकोला विचारतो, घास गिळू का म्हणून. मोरू हसायचा, आणि पुन्हा विचारायचा. लहानपणी कुणाच्या तरी वाड्याचं फाटक न विचारता उघडलं, गुरं सुटून भातात गेली आणि त्यासाठी बापानं गावासमोर मार खाल्ला. तेव्हापासूनचं आहे हे, असं त्यानं एकदा फरझानाला सांगितलं होतं.

पहिल्या वर्षी सगळं चढतीचं होतं. एका दुपारी सरांनी सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं आणि बारीक नळीतून येणारा वायू पेटवला. उजेडात ज्योत दिसेचना. मोरूला वाटलं पेटलंच नाही. मग सरांनी वर एक थंड स्टीलची ताटली धरली. ताटलीवर धुकं जमलं आणि त्याचे थेंब झाले. जळून याचं फक्त पाणी होतं, सर म्हणाले, धूर नाही, राख नाही. मोरूनं हात लावू का म्हणून विचारलं आणि एक थेंब बोटावर घेऊन बराच वेळ बघत राहिला. "आमच्या पोह्याचंच पानी," तो फरझानाला म्हणाला. "आगीतनं जाऊन परत आला."

नंतर मात्र एकेक गोष्ट अडत गेली. वायू निघायचा, पण सरांच्या हिशेबाच्या निम्माच. आम्लं विकायची ठरली होती, पण वास काढून ती शुद्ध करणं जमेना, आणि घेणारे नमुना बघून फोन उचलेनासे झाले. आम्लं वेगळी काढायला गंधकाचं आम्ल वापरत, मग उरलेल्या पाण्यात चुना टाकून ते मागच्या बाजूच्या जमिनीतल्या टाकीत सोडत. ते पाणी उचलायला येणारी गाडीही बंद झाली. टाकी भरली आणि पाच महिने तशीच राहिली. मुंबईच्या ऑफिसातून दर पंधरा दिवसांनी फोन यायचे. सर फोन ठेवून बराच वेळ चष्मा पुसत बसायचे.

डिसेंबरात निरोप आला, की वरचे लोक बघायला येणार आहेत आणि चालू ठेवायचं की बंद करायचं ते त्याच दिवशी ठरेल. शेड धुतली, नळ्या पुसल्या. आदल्या दिवशी पंपानं मागच्या टाकीतलं पाणी उपसलं, पण तळाशी हातभर गाळ राहिला. पाहुणे अकराला येणार होते. सर मोरूला म्हणाले, तेवढा गाळ खरवडून काढ, ती टाकी त्यांच्या नजरेत येईल.

टाकीत माणूस उतरवायचा तर आधी मीटर सोडून आतली हवा तपासायची, हा नियम होता. मीटर दुरुस्तीला मुंबईला गेलेला. सेफ्टीचा रितेश त्या दिवशी दुसऱ्या प्लांटवर होता. परवान्याच्या कागदावर त्यानं सकाळीच सही करून ठेवली होती आणि जाताना सांगून गेला होता, की फरझाना मॅडम आहेत, त्या बघतील.

साडेनऊच्या सुमारास मोरूनं टाकीचं लोखंडी झाकण सरकवलं. शिडी आत सोडली. फावडं हातात घेतलं आणि थांबला. त्याला चार दिवस सर्दी होती, डोळे लाल झाले होते.

"ताई, जरा वास बगा," तो म्हणाला. "माजा नाक बंद हाय. आत कायतरी वंगाळ असला तर कळनार नाय मला. उतरू का?"

फरझाना तोंडापाशी वाकली. आत काळा गाळ होता, त्यावर पाण्याचा पातळ थर, त्यात आभाळाचा तुकडा. तिनं श्वास आत ओढला. नेहमीसारखाच, रिकामा.

त्या वेळी तिनं काय केलं असतं तर, हे पुढं तिनं अनेकदा मनात घडवून बघितलं. मला वास येत नाही, एवढे चार शब्द होते. पण शेडच्या दारात सर उभे होते, घड्याळ बघत. तीन वर्षं ती चिवट बाई म्हणून उभी होती. आणि आत काही असेल असं तिला खरंच वाटलं नाही. नेहमीचीच घाण, तिला नेहमीच न येणारी.

"कायच नाय, मोरूदादा," ती म्हणाली. "उतरा."

तो उतरला. तळाशी पोचून त्यानं फावडं गाळात घातलं, एकदा ओढलं, दुसऱ्यांदा ओढलं. तिसऱ्यांदा फावडं आत गेलं आणि तो खाली बसला, दमलेला माणूस बसतो तसा. तिनं हाक मारली. तो कुशीवर कलंडला. ती शिडीवर पाय टाकत होती तेवढ्यात टँकरच्या ड्रायव्हरनं तिला मागून कमरेला धरून ओढलं. तो ओरडत होता, की वास येत नाही का तुम्हाला, सडक्या अंड्यांचा वास वाऱ्याबरोबर फाटकापर्यंत आलाय, मघापासून येतोय.

हवेची नळी लावून, दोर बांधून मोरूला बाहेर काढायला वीस मिनिटं लागली. दवाखान्यात नेईपर्यंत तो गेलेला होता.

हायड्रोजन हलका, वर निघून जातो. हा दुसरा, सडक्या अंड्यांच्या वासाचा वायू जड, गाळात दडून बसतो. गंधकावर जगणारे वेगळेच जिवाणू त्या टाकीत वाढले होते, पाच महिने, कुणी न बोलावता. हे सगळं फरझानाला पुस्तकातून माहीत होतं. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होतं.

चौकशी कंपनीतच झाली. रितेशनं लिहिलेला अहवाल दीड पानाचा होता. त्यात लिहिलं होतं, की कंत्राटी कामगार मोरू हा स्वतःच्या निष्काळजीपणानं, कुणालाही न विचारता आणि मास्क न लावता टाकीत उतरला. साक्षीदार म्हणून खाली तिचं नाव होतं. तिनं वाचलं आणि सही केली.

आठवड्यानं ती दिनानाथ सरांच्या खोलीत गेली आणि तिनं सांगितलं. ताप, सुकट, डॉक्टर, सगळं. मोरूनं विचारलं होतं आणि तिनं उतरा म्हटलं होतं, हेही.

"पहिल्या दिवशी मी बाटली उघडली तेव्हा?" सरांनी विचारलं.

"तेव्हापण नाय."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले, की अहवाल गेला आहे, आता तो कुणी उघडणार नाही, आणि हा प्रकल्पही महिनाअखेर बंद होतोय. तिनं घरी बसून हातानं दोन पानं लिहिली आणि रितेशकडे नेली. त्यानं वाचून ती घडी घालून तिच्याच हातात दिली. हे मी घेऊ शकत नाही, मॅडम, तो म्हणाला, घेतलं तर तुम्हीही जाल आणि मीही. आणि एक सांगू का, हा वायू जास्त असला की चांगल्या नाकालाही वास कळेनासा होतो. तुम्हाला आला असता तरी कदाचित काही फरक पडला नसता.

कदाचित. त्या शब्दावर ती पुष्कळ दिवस राहिली. पण ड्रायव्हरला वास आला होता. फाटकापाशी, टाकीपासून सत्तर पावलांवर.

महिनाअखेर तिनं स्वतःच वाफेचा नळ उघडला. टाकीतलं पाणी उकळलं, बुडबुडे वाढले, मग थांबले. तीन वर्षं तिनं ज्यांना सांभाळलं होतं ते सगळे अर्ध्या तासात गेले. उकळण्यातून तग धरणारे असतील, तर त्यांच्यासाठी वर आम्लाचे दोन कॅन ओतले. वही कुणी मागितली नाही, म्हणून ती टेबलावरच ठेवून ती घरी आली. त्या रात्री अक्सा पुन्हा तिच्या खोलीत झोपायला आली. ते फरझानाला सगळ्यात जड गेलं.

फेब्रुवारीत ती पेणला गेली आणि तिथून गागोद्याच्या गाडीत बसली. वाडीत शिरताना पहिल्याच अंगणात एक बाई वाळलेल्या वालाच्या शेंगा काठीनं झोडत होती. फरझानानं नाव विचारलं. तीच कृष्णाबाई. तिनं फरझानाकडे नीट बघितलं.

"तू ती टाकीवरची ताई," ती म्हणाली, आणि आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आली.

फरझानानं पाणी प्यायलं नाही. आधी सांगितलं. सर्दी, वास बघा म्हणणं, आपलं वाकणं, आपलं उत्तर. मला वास येतच नाही, नोकरीला लागले तेव्हाही येत नव्हता, आणि मी ते सांगितलं नाही. बोलताना ती शेंगांच्या ढिगाकडे बघत होती. कृष्णाबाईच्या हातातली काठी खाली टेकलेली होती.

"तो काय बोलला ते परत सांग," ती म्हणाली. "जसा बोलला तसाच."

फरझानानं सांगितलं. ताई, जरा वास बगा. माजा नाक बंद हाय. उतरू का.

"म्हंजे विचारला त्यानी."

"व्हय. विचारलं."

कृष्णाबाईनं काठी बाजूला ठेवली. कंपनीचा कागद आला तो दीर पोपटनं सगळ्यांना वाचून दाखवला होता. न विचारता उतरला, असं वाडीभर झालं. माणूस मेला त्याचं जेवढं बोलले नाहीत तेवढं या न विचारण्याचं बोलले. आयुष्यभर विचारत राहिला आणि नको तिथं विचारायचा विसरला, असं म्हणून लोक हळहळले, आणि दोघंतिघं हसलेसुद्धा. तिनं हे सांगितलं तेव्हा आवाज चढवला नाही. मग ती उठली.

"चल माज्याबरोबर."

वाडीत तिचं सोडून सात घरं होती. कृष्णाबाई पुढं, फरझाना मागं. पहिलं घर पोपटचं. तो ओटीवर दोर वळत बसला होता.

"ही कंपनीतली बाय हाय," कृष्णाबाई म्हणाली. "ऐक ती काय सांगते. सांग गो."

"मोरूदादा विचारून उतरले होते," फरझाना म्हणाली. "मलाच विचारलं. आणि मी, मला वास..."

कृष्णाबाईनं तिच्या मनगटावर हात ठेवला. "तेवढाच सांग. बाकीचा तुजा हाय, तुज्यापाशी ठेव."

पोपटच्या हातातला दोर थांबला. त्यानं मान खाली घातली. त्या पुढच्या दारी गेल्या.

प्रत्येक दारात फरझानानं तेच एक वाक्य सांगितलं. कुणी ऐकून हात जोडले, कुणी आत बोलावलं, एका घरातल्या बाईनं विचारलं की मग कंपनीनं तसं का लिहिलं. त्याला कृष्णाबाईनंच उत्तर दिलं, की लिहिणाऱ्याला ठाऊक. कुणीही फरझानाला विचारलं नाही की तू काय उत्तर दिलंस. ती वाट बघत होती. सहा घरं झाली तरी कुणी विचारलं नाही.

सातव्या घरी जनी होती. मोरूची चुलती, नव्वदीची, डोळे गेलेले, कान जाण्याच्या वाटेवर. भिंतीशी खाटेवर बसली होती. कृष्णाबाईनं तिच्या कानाशी वाकून सांगितलं की कंपनीतली बाई आली आहे. फरझानानं वाक्य सांगितलं. जनीला ऐकू गेलं नाही.

"मोट्यानी सांग," कृष्णाबाई म्हणाली.

"मोरूदादा विचारून उतरले होते," फरझाना मोठ्यानं म्हणाली.

जनीनं मान हलवली. तिला फक्त नाव कळलं होतं. तिनं हात पुढं करून अंदाजानं फरझानाची बोटं धरली आणि विचारलं, "मोरू आला काय गो?"

फरझानानं कृष्णाबाईकडे बघितलं. कृष्णाबाई खाटेजवळ बसली. जनीच्या पायांवरून घसरलेली गोधडी तिनं वर ओढली, कडा दोन्ही बाजूंनी नीट खाली खोचल्या.

"नाय अजून," ती म्हणाली. "टँकर आला नसंल."